दाराशी चौथा जोड

ताईचं एक पत्र माझ्याकडे आहे. त्याला मी वर्षानुवर्षं उत्तर पाठवलं नाही.

पत्र लहानसं आहे. माझ्या तब्येतीची चौकशी, दाजींचा खोकला, आणि शेवटी एकच ओळ.

‘बाळ, त्या दिवशी तू आमच्या घरी कोणाला घेऊन आलास?’

पुढे सांगतोय ते खरं आहे. मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. दुसऱ्यांनी रचलेल्या गोष्टी कपाटात लावल्या. स्वतः एकही रचली नाही, तेवढी अक्कलच नाही. तुम्ही इथे याहून भयंकर वाचत असाल. ही तुम्हाला फिकी वाटली तर दोष माझा. मी जे पाहिलं तेवढंच लिहितोय.

हिवाळा होता. दुपारची वेळ होती. रात्र नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

ताई आणि दाजी परदेशात राहायचे. मी त्यांच्याकडे गेलो होतो. माझी बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते, म्हणून ताईनेच हट्टाने बोलावून घेतलं होतं.

मी रडलो नव्हतो. आत काही हलतच नव्हतं. लोक विचारायचे, मी हो अशी मान हलवायचो. वहिनीच्या साड्या वाटून टाकू का? मान हलवली. तिची खाट काढू का? मान हलवली. विमानातल्या बाईने काहीतरी विचारलं, तिलाही हलवली. तिने जेवणाचं दुसरं ताट आणून ठेवलं. मी तेही खाल्लं.

तिथल्या भाषेचा एक शब्द मला येत नव्हता. ताईने कागदावर पत्ता लिहून माझ्या कोटाच्या खिशात ठेवला होता.

“चुकलास तर कोणालाही दाखव. लाजत बसू नकोस. तोंड उघडायला पैसे पडत नाहीत.”

त्या दुपारी दोघंही कामावर होती. ताई कपडे शिवायच्या दुकानात, दाजी बेकरीत. मी पाय मोकळे करायला निघालो. बाहेर फार गार दिसलं म्हणून दाजींचा जाड कोट चढवला.

कागद माझ्याच कोटात राहिला.

हे मला कळलं तेव्हा मी बराच लांब आलो होतो. आणि धुकं उतरलं होतं.

तिथल्या इमारती सगळ्या एकसारख्या. चार मजले, पिवळी दारं, दाराशेजारी घंटीची बटणं. कुठल्याही गल्लीत वळा, आपलीच वाटते. एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात शिरलो. त्याने काहीतरी भराभर सांगितलं, हाताने दिशा दाखवली. मी मान हलवली आणि तिकडे चालायला लागलो. त्याला माझं काहीच कळलं नव्हतं, आणि मला त्याचं. पण माणूस एवढं सांगतोय तर उलट कसं जायचं?

मग एकेक आवाज कमी होत गेला.

आधी गाड्यांचा. मग माणसांचा. मग...

मग फक्त माझ्या बुटांचा आवाज उरला.

घाबरायला हवं होतं. मी घाबरलो नाही. हरवलो तर हरवलो, असं वाटलं. खोटं कशाला लिहू, जरा बरंच वाटलं.

तेवढ्यात ताईची इमारत दिसली. निदान मला तशी वाटली. जिना तोच. तिसरा मजला, डावीकडचं दार. दार किंचित उघडं होतं, आत दिवा होता. ताई आज लवकर आली म्हणायची. मी बूट बाहेर काढले, सवयीने भिंतीकडे टोकं करून नीट लावले, आणि आत गेलो.

आत ताई नव्हती.

टेबलाशी एक म्हातारी बसली होती. राखाडी स्वेटर, केस मागे घट्ट बांधलेले. ती दचकली नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही आधी. पायांकडे पाहिलं. मोज्यांकडे. मग उघड्या दारातून बाहेरच्या बुटांकडे. बराच वेळ बघत राहिली.

“माफ करा, चुकून आलो,” मी मराठीतच म्हणालो.

तिने एक खुर्ची ओढली. मी बसलो.

खोलीत कसलाच वास नव्हता. जेवणाचा नाही, औषधाचा नाही, बंद घराला येतो तो कुबटही नाही. तिने किटली उचलली, माझ्या कपात ओतली, कप पुढे सरकवला.

कपात पाहिलं...

काहीच नव्हतं.

ती वाट बघत होती. मी कप तोंडाला लावला आणि रिकामा कप प्यायलो. भिडस्त माणूस दुसरं काय करणार?

मग तिने मला एक प्रश्न विचारला. लांबलचक नव्हता. चार-पाच शब्द असतील. हळू विचारला, शेवटी आवाज वर गेला, म्हणून प्रश्न म्हणायचा.

मी मान हलवली.

तिचा विश्वास बसला नसावा. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारला.

मी पुन्हा मान हलवली.

ती उठली. खुंटीवरचा कोट घातला, पायांत बूट चढवले, दिवा मालवला आणि दाराबाहेर येऊन उभी राहिली. मी माझे बूट घातले. तिने माझ्या कोपराला हात धरला. हात दिसत होता.

लागत नव्हता.

आम्ही जिना उतरलो. पावलं एकाचीच वाजत होती.

धुक्यातून तिने मला कुठेही न थबकता नेलं. हा कोपरा, तो कोपरा, एक लहानसा पूल. आणि समोर किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, त्यापुढे ताईची गल्ली, ताईचं दार. पत्ता मी सांगितला नव्हता. मला येतच नव्हता.

वर जाऊन घंटी वाजवली. ताईने दार उघडलं. तिचे डोळे लाल होते.

“कुठे होतास रे? अंधार पडायला आला. हे पोलिसात निघाले होते.”

“येऊ दे त्यांना, येऊ दे,” आतून दाजी म्हणाले. “माझा कोट घेऊन पळाले असं सांगणार होतो मी पोलिसांना.”

मी बूट काढत होतो. शेजारी काहीतरी हललं म्हणून पाहिलं...

म्हातारी वाकून तिचे बूट काढत होती. तिने ते माझ्या बुटांशेजारी ठेवले. टोकं भिंतीकडे. अगदी मी लावले तसे. मग ती ताईच्या अंगावरून आत गेली.

ताईने दंड चोळला. “दार लाव आधी. काय गारठा आत घेतोयस.”

मी दार लावलं.

सकाळी दाराशी चार जोड होते. ताईचा, दाजींचा, माझा, आणि एक तपकिरी, लहानसा, एक टाच झिजलेला.

“हे कोणाचे?” ताई म्हणाली.

“शेजारणीचे असतील,” म्हणत दाजींनी ते खाली इमारतीच्या दाराशी नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर होते. टोकं भिंतीकडे.

“बूटच ते, चालत आले,” दाजी म्हणाले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी बूट उचलले नाहीत.

त्या आठवड्यात जेवताना टेबलाची चौथी खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. तिघंही ताटात बघत राहायचो. एकदा मी सगळं सांगायचं ठरवून ताईसमोर उभा राहिलो. तोंड उघडलं.

“चहा टाकू?” तिने विचारलं.

मी मान हलवली.

निघायच्या दिवशी बॅग घेऊन दारात वळून पाहिलं. म्हातारी खिडकीशी बसली होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

ती ताईकडे बघत होती.

त्यानंतर काही महिन्यांनी ते पत्र आलं. मी उत्तरं लिहिली, नाही असं नाही. लिहायचो, वाक्यं सुधारायचो, पुन्हा लिहायचो, फाडायचो. काय लिहिणार? मी हो म्हणालो, पण कशाला ते ठाऊक नाही? ताईने पुन्हा विचारलं नाही. वर्षं गेली. फोन आले, आमचं बोलणं व्हायचं, त्या विषयाला दोघंही शिवायचो नाही.

गेल्या महिन्यात दाजी गेले.

मी फोन केला. “ताई, एकटीने कशी राहशील गं आता?”

ताई म्हणाली,

“एकटी कुठे आहे मी.”

तीच पुढे बोलली. अगदी शांतपणे, भाजीचं सांगावं तसं.

“हे होते तोवर नुसती बसायची. आता रोज संध्याकाळी समोर येऊन विचारते.”

“काय विचारते?”

“एकच प्रश्न. नेहमी तोच.”

“म्हणजे काय विचारते, ताई?”

“तुला कळत नव्हतं तेच बरं होतं, बाळ. मला तिची भाषा येते.”

“तू काय सांगतेस तिला?”

“अजून काही नाही. पण मी दमले रे. आज ना उद्या माझीही मान हलेल.”

मी रिसीव्हर धरून बसलो होतो. आत काहीतरी हललं. बायको गेली तेव्हाही हललं नव्हतं ते.

फोनवर मला बोलता येत नाही. म्हणून काल पत्र लिहिलं. या वेळी काही सुधारलं नाही.

‘ताई, तिला मी आणलं. तिने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, दोनदा. ते माझं हो आहे, तुझं नाही. तू मान हलवू नकोस. तिला तिच्या भाषेत सांग की तो माणूस इथे राहतो. खाली माझा पत्ता लिहिला आहे. तो तिला वाचून दाखव. सावकाश वाच.’

पत्ता लिहिताना घर क्रमांक, गल्ली, पिन कोड, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. एखादं अक्षर चुकलं तर ती दुसऱ्याच कोणाच्या दारात जाऊन उभी राहील.

आज सकाळी पत्र पेटीत टाकलं.