हजेरीवाल्यांचं उत्तर

आयुष्यभर लोकांची थट्टा लिहून पोट भरलं. त्यामुळे मी गंभीरपणे काही सांगू लागलो की लोक आधीच हसायला तयार असतात. हसा. पण हे घडलंय.

आणि रात्री नाही. रविवारी, भर दुपारी, लखलखीत पांढऱ्या दिव्यांखाली. भुतांनीही आता दिवसपाळी घेतलेली दिसते.

मला रक्ताचा कर्करोग झाला होता. सगळी औषधं थकली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तुमच्याच पेशींना कामाला लावू."

म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, कर्करोग कसा ओळखायचा हे त्यांना प्रयोगशाळेत शिकवायचं, वाढवायचं आणि परत अंगात सोडायचं.

"शिकतील का?" मी विचारलं. "माझ्या आहेत म्हणून शंका."

बाई हसल्या नाहीत. हे एकदाच जमणार होतं. पुन्हा पेशी काढाव्यात एवढं माझ्यात काही उरलं नव्हतं.

शेजारच्या पलंगावर हजेरीवाले होते. हे आम्ही पाडलेलं नाव. कारखान्याच्या फाटकावर कामगारांची हजेरी घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्याही पेशी त्याच प्रयोगशाळेत वाढत होत्या.

मला कमी ऐकू येतं. नर्सनं नाव पुकारलं की मला पत्ताच नसायचा. मग हजेरीवाले दोनदा खाकरायचे आणि माझ्या वतीनं उत्तर द्यायचे, "आहेत हो. कान तेवढे गेलेत."

रोज. न चुकता.

एका सकाळी जागा झालो, तर त्यांच्या पलंगावर नवी चादर होती...

 

माझी भाची त्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या पिशव्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. त्यातली मामाची कुठली, हे तिला ठाऊक नव्हतं. वॉर्डात तर तिनं पाऊलही टाकलं नव्हतं. जंतूंच्या भीतीनं आम्हाला भेटायलाच बंदी होती.

तिथे एक नियम आहे. पिशवी हलवायची तर दोघांनी. एकानं रुग्णाच्या कार्डावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा. दुसऱ्यानं पिशवीवरचा आकडा बघून म्हणायचं, "आहे."

उत्तर आलं नाही, तर पिशवी पुढे जात नाही.

त्या रविवारी तिचा जोडीदार जेवायला गेला होता. एक रुग्ण वारला होता, त्याची पिशवी नष्ट करायची होती. माणूस जातो, पण उबेच्या कपाटात त्याच्या पेशी वाढतच असतात. त्यांना कुणी कळवलेलं नसतं...

भाची मनाशी म्हणाली, फेकायला कशाला हवेत दोघं?

गेलेल्याच्या खणातली पिशवी तिनं काढली. आकड्याच्या चिठ्ठीची बाजू खाली होती. ब्लीचचं भांडं पुढे ओढलं. आणि सवयीनं कार्ड मोठ्यानं वाचलं.

कुणी बोललं नाही. बोलणार कोण?

तिनं कात्री उचलली. त्याच सवयीच्या ओघात त्याखालचं, दुसऱ्या रुग्णाचं कार्डही वाचून टाकलं.

मागे कुणीतरी खाकरलं...

दोनदा.

"आहेत हो. कान तेवढे गेलेत."

ती गर्रकन वळली.

मागे भिंत होती. दार बंद. कपाटाची बारीक घरघर...

कात्री पिशवीला टेकलेली होती. तिनं पिशवी उलटी केली. चिठ्ठीवर दुसऱ्या कार्डावरचा आकडा होता. सकाळी पेशींना खाद्य घालताना जोडीदारानं चुकून दोन पिशव्यांचे खण बदलले होते.

हे मला कळलं ते बऱ्याच दिवसांनी. माझ्या पेशी मला मिळाल्या, मी घरी आलो, आणि भाची जेवायला आली तेव्हा.

"मामा, गंमत बघ," ती म्हणाली. "कान गेलेत म्हणे. पिशवीला कुठले रे कान?"

मी हसलो नाही. उठलो आणि ड्रॉवरमधून हॉस्पिटलचा मनगटपट्टा आणून तिच्या पुढ्यात ठेवला.

तिनं त्यावरचा आकडा वाचला. मनातल्या मनात.

चमचा खाली ठेवला.

"मामा... तुझ्या शेजारी कोण होतं?"

"जेवा आधी," बायको म्हणाली. पण तीही जेवली नाही.

त्यानंतर दर तपासणीला तेच. मी नोंदणीच्या खिडकीशी जाऊन विचारायचो, माझं नाव पुकारलं का? आतली मुलगी मान वर न करता म्हणायची, "तुम्ही आलात ते शेजारच्यांनी सांगितलं की."

शेजारची खुर्ची रिकामी.

सुरुवातीला घाम फुटायचा. पुढे मी खुर्चीचे आभार मानायला लागलो. बायको दंडाला चिमटा काढायची, "अहो, लोक बघताहेत." रिपोर्ट मात्र प्रत्येक वेळी स्वच्छ यायचा.

काल पुन्हा तपासणी होती.

बायकोनं कोपरानं ढोसलं. "अहो, ती कधीची तुमच्या नावानं ओरडतेय."

मी खिडकीशी गेलो. "आज कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार, काका? तुमच्या शेजारी कुणी बसलंय का?"

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामीच होती.

पण नेहमीसारखी नाही...

रक्त देऊन आलो. बायको म्हणते, काही होत नाही, तुम्हाला मेलं सगळ्यात काहीतरी दिसतं. असेल. मला फक्त त्या प्रयोगशाळेतला नियम आठवतोय, उत्तर आलं नाही तर पुढे जात नाही.

रिपोर्टचा फोन आज यायचाय. फोन मांडीवर घेऊन बसलोय. बायको बाहेर गेलीय. वाजला तरी मला ऐकू येणार नाही.

कुणी सांगणारं असेल, तर सांगेल...