चंद्रावर वर लागलेला नेम

यामिनी वळवीने पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही मधल्या ठिपक्याच्या अकरा सेंटिमीटर वर लागल्या. डावीकडे नाहीत, उजवीकडे नाहीत, सरळ वर. नंदुरबारच्या मैदानावर याच रायफलीने ती ठिपका अचूक टिपत असे. मग चांद्रवस्तीच्या हवा भरलेल्या घुमटात आल्यावर असे काय बिघडले?

परीक्षक यंत्रमानव तोल याला यात कोडे वाटले नाही. त्याने ठिपक्यापासूनचे अंतर मोजले आणि निकाल दिला: हात अस्थिर, नेमबाजी संघासाठी अपात्र. पृथ्वीवरून आलेल्या आणखी तीन मुलांना त्याने मागच्या निवडीत हेच सांगितले होते. निवड समितीचे मेढेकर सर पुढचे नाव पुकारू लागले.

यामिनी जागची हलली नाही. तिने लक्ष्याचा कागद मागून घेतला. पाचही भोके एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळजवळ होती.

"सर, हात थरथरला असता तर भोकं विखुरली असती," ती म्हणाली. "चूक प्रत्येक वेळी एकाच जागी होतेय. तिचं कारण सापडेपर्यंत मी इथून जाणार नाही."

मेढेकर सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण पुढच्या मुलीची तयारी व्हायची होती, तेवढा वेळ त्यांनी दिला.

निवड बघायला आलेली यामिनीची कालिंदीआत्या वस्तीत भौतिकशास्त्रज्ञ होती. तिने उत्तर सांगितले नाही. नळीतून सुटलेली गोळी वाटेत काय करते, एवढेच तिने विचारले.

खाली पडत जाते, यामिनी म्हणाली. रायफलीवरच्या दुर्बिणीतून दिसणारी नजरेची रेषा सरळ असते, गोळीची वाट मात्र वाकते. म्हणून रायफलीची नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. लक्ष्य पन्नास मीटरवर असते; तिथे गोळी पडत पडत नेमकी त्या रेषेवर येते. यालाच 'शून्य लावणे' (ठरावीक अंतरावर नजर आणि गोळी एका बिंदूत आणणे) म्हणतात.

बोलता बोलता ती थांबली. पृथ्वीवर तेवढ्या अंतरात गोळी सुमारे तेरा सेंटिमीटर पडते. चंद्राचे गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणजे इथे ती जेमतेम दोन सेंटिमीटर पडणार. उरलेले अकरा सेंटिमीटर कागदावरच दिसत होते! तिने लावलेले शून्य नंदुरबारचे होते, चंद्राचे नव्हते.

दुर्बिणीवर दोन टरेट (फिरवायच्या खाचदार चकत्या) होते. बाजूचा टरेट नेम डावीउजवीकडे सरकवतो. गुरुत्व फक्त खाली ओढते, म्हणून तिने त्याला हात लावला नाही. माथ्यावरचा टरेट नेम वरखाली करतो. तो फिरवला की दुर्बिणीतली फुली सरकते, आणि फुली पुन्हा ठिपक्यावर धरली की नळी आपोआप वेगळ्या कोनात रोखली जाते. टरेट एक खाच फिरला की 'खट' वाजे, आणि पन्नास मीटरवर अशा एका 'खट'ला नेम पाच मिलिमीटर सरकत होता. अकरा सेंटिमीटरसाठी बावीस खट. 'खाली' लिहिलेल्या बाणाच्या दिशेने तिने ते मोजून फिरवले.

निकाल लागून गेला आहे, असे तोलने बजावले.

"तू मोजलंस ते बरोबर आहे," यामिनी त्याला म्हणाली. "पण भोकं ठिपक्यापासून किती लांब आहेत तेवढंच पाहिलंस. एकमेकांपासून किती जवळ आहेत ते पाहिलं नाहीस. हात कसा आहे, ते त्यावरून कळतं."

मेढेकर सरांनी कागदावरच्या भोकांवर एक नाणे ठेवून पाहिले. मग त्यांनी तिला पुन्हा पाच गोळ्या दिल्या.

पाचही ठिपक्यात गेल्या. तिने टरेटचा स्क्रू सैल केला, आतली रचना न हलवता चकतीवरचा आकडा शून्यावर आणला आणि स्क्रू आवळला. आता ते चंद्राचे शून्य होते.

सरांनी तिचे नाव संघात घातले. तरीही ती उभीच राहिली. मागच्या निवडीत अपात्र ठरलेल्या त्या तिघांनाही पुन्हा संधी मिळाल्याशिवाय आपण संघात येणार नाही, असे तिने सांगितले. सरांनी तोलला तिघांना बोलावून घ्यायला सांगितले, आणि यापुढे भोकांमधले अंतरही मोजायला.

रायफल पेटीत ठेवताना आत्याने विचारले, पुढे मंगळावर स्पर्धा झाली तर? तिथले गुरुत्व चंद्रापेक्षा जास्त आहे.

"मग गोळी ठिपक्याच्या खाली लागेल," यामिनी म्हणाली. "लागू दे. तिथलं शून्य तिथं जाऊन लावीन."