काचेपलीकडचा हॉर्न

धाकट्या सुनेला मुलगी झाली, त्याच वर्षी घराच्या खिडक्या बदलल्या.

घर हमरस्त्याला लागून, दुसऱ्या मजल्यावर. खालून दिवसभर मालाच्या गाड्या जायच्या आणि मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहायचे. मोठ्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं, पण तान्ह्या जिवाला कुठली आलीय सवय! डोळा लागतो न लागतो तोच खाली एखादी गाडी गुरगुरायची, आणि चिमणी दचकून, हातपाय ताठ करून असा टाहो फोडायची की ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं. सगळे तिला चिमणीच म्हणत. "बाळाला झोप नाही, मग अंग कसं धरणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शेवटी चिमणीचा बाप, घरातला धाकटा, खिडकीवाल्याला घेऊन आला.

खिडकीवाल्यानं चौकटीवरून हात फिरवला. "या सरकत्या खिडक्या काढून टाका. कितीही ओढून लावा, फट राहतेच, आणि जिथून वारा येतो तिथून आवाज येतो. दोन काचा बसवू, मधे कोंडलेली हवा, कडेनं रबराची पट्टी. मूठ फिरवलीत की रस्ता बंद पडलाय असं वाटेल."

"म्हणजे... अगदी काहीच ऐकू येणार नाही?" थोरल्या सुनेनं विचारलं.

"वहिनी, खालून बँडबाजा गेला तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही!"

धाकटी खुदकन हसली. थोरलीनं मात्र चहाचा कप तसाच बशीत ठेवला.

कारण त्या रस्त्यावरूनच तिचा संसार येत-जात असे.

तिचा नवरा ट्रक चालवायचा. सासूबाई गेल्या तेव्हा तो लांबच्या फेरीवर होता. पोचला तो सगळं आटोपल्यावर. सासऱ्यांनी त्याला उंबऱ्यातच अडवलं. "आईच्या शेवटच्या घटकेला जो रस्त्यावर होता, त्यानं यापुढे रस्त्यावरच राहावं!" तो तसाच मागे वळला. जिन्यात त्यानं बायकोला म्हटलं, "चल माझ्याबरोबर." आणि ती... ती काय म्हणाली? "बाबांचं हृदय अधू आहे हो, आईंनी जाताना त्यांना माझ्या हवाली केलंय. थोडे दिवस थांबते." ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत!

पुढे दर बाजाराच्या दिवशी दुपारी त्याची गाडी खालून जायची. घरासमोर आला की तो हॉर्न दाबून धरायचा, पण वर कधी आला नाही. ती कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर डबा घेऊन जायची; तेवढ्या घटकेचाच काय तो संसार. हॉर्न वाजला की खिडकीसमोरच्या आरामखुर्चीतले सासरे मान वर करायचे, मग पुन्हा वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे.

आणि एका बाजाराच्या दिवशी पंपावर गाडी थांबली, तेव्हा तिच्यातून थोरल्याचा गाडीवरचा जोडीदार, दुसरा ड्रायव्हर, एकटाच उतरला. लांबच्या मुक्कामाला थोरला केबिनमध्ये झोपला तो उठलाच नव्हता. "बहीण आजारी आहे" असं घरी सांगून ती गेली, नवऱ्याला अखेरचं पाहून आली, आणि आल्या पावली पदर खोचून स्वयंपाकाला लागली. सांगणार कुणाला? धाकट्याच्या पोटात काही राहत नसे, आणि सासऱ्यांच्या कानावर गेलं तर ते हृदय त्याच क्षणी... नाही, नाही! तिनं जोडीदारापुढे हात जोडले होते. "भाऊ, गाडी आता तुम्हीच चालवणार. घरासमोरून जाताना हॉर्न वाजवत जा. पण जरा हळू हं... म्हातारं माणूस आहे."

जोडीदारानं शब्द पाळला. दर बाजाराच्या दिवशी मेलेला नवरा रस्त्यावरून जात होता, आणि ती त्याला जिवंत ठेवत होती, म्हाताऱ्यासाठी.

आता तो आवाज कोंडला जाणार होता.

खिडक्या बसल्या. शेवटची मूठ फिरली आणि रस्ता गप्प झाला. चिमणी दुपारभर शांत झोपली. धाकटी तिच्या उशाशी बसून आनंदानं रडली. पण थोरलीला ती शांतता खायला उठली! नळाचा ठिबका, घड्याळाची टिकटिक, सासऱ्यांचा घरघरता श्वास... काचेपलीकडून गाड्या जात, पण मेलेल्या गाड्या जाव्यात तशा, तोंड मिटून. त्यांतल्या एका केबिनमधून तो वर बघतोय, जीव तोडून हाक मारतोय, आणि आपण काचा लावून बसलोय, असं तिला सारखं वाटे.

पहिला बाजाराचा दिवस मुकाच गेला. सासरे दुपारभर मान वर करून बसले होते. संध्याकाळी त्यांनी ताट सरकवलं. "भूक नाही."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं धीर करून बैठकीतली खिडकी वीतभर उघडली. रस्ता धाडकन आत घुसला, हॉर्न वाजला, आणि आतल्या खोलीतून चिमणीचा टाहो! तिनं घाईघाईनं मूठ फिरवली. "नीट बसली नसेल," ती धाकटीला म्हणाली, आणि आपल्याच खोट्यानं तिची मान खाली गेली. खिडकीवाला येऊन पाहून गेला. जाताना धाकटीला म्हणाला, "ताई, माझी खिडकी आपण होऊन उघडत नाही. हात लागतो."

मग चिमणीला ताप आला. त्या आठवड्यात थोरलीनं मनाशी ठरवलं, आज नाही. लेकराला झोपू दे! ती स्वयंपाकघरात ओट्याला घट्ट धरून उभी राहिली... आणि तरीही हॉर्न वाजला. स्वच्छ, जवळून!

ती धावत बाहेर आली. खिडकी सताड उघडी. पडदा हलत होता. सासरे खुर्चीत, डोळे मिटलेले. बाकी कुणी नाही.

"आलात?" ती पडद्याला म्हणाली, अगदी हळू. "मी आले नाही, म्हणून तुम्ही आलात का हो?"

पुढच्या बाजाराच्या दिवशीही तेच घडलं. बाहेर येऊन तिनं उघड्या खिडकीच्या मुठीवर हात ठेवला, तेवढ्यात पाठीमागे धाकटी उभी! कडेवर किंचाळणारं लेकरू, डोळ्यांत आग.

"म्हणजे तुम्हीच! आणि मी वेडी, खिडकीवाल्याला बोल लावत होते!"

"अगं, ऐक तरी..."

"काय ऐकू? लेकरू तापानं फणफणलंय! तुमची कूस उजवली नाही ताई, म्हणून माझं सुख बघवत नाही तुम्हाला!"

त्या दिवशी धाकटा घरीच होता. तो धावत आला. "अगं, वहिनींना काय बोलतेस!" पण वहिनीकडे वळून त्यानंही विचारलंच, "वहिनी... खरंच तुम्ही?"

काय सांगणार होती ती? शेजारी म्हातारं अधू हृदय बसलेलं. तिनं खिडकीची मूठ फिरवली आणि ती म्हणाली, "हो. मीच उघडते. चुकलं माझं."

"मी आजच माहेरी जाते," धाकटी म्हणाली.

"कुणी कुठं जायचं नाही!" खुर्ची करकरली. सासरे उठून उभे राहत होते. "आजची खिडकी मी उघडली. मागच्या वेळचीही मीच."

"बाबा, तुम्ही? तुम्हाला भिंत धरल्याशिवाय चालता येत नाही!" धाकटा म्हणाला.

"भिंत धरूनच जातो. तुम्हाला काय वाटलं, उडत जातो?"

थोरली त्यांना सावरायला धावली. "बाबा, बसा हो... त्यांच्या हॉर्नसाठी ना? मला ठाऊक आहे, तुमचा जीव तगमगतो..."

"माझा?" म्हाताऱ्यानं तिचा हात धरला. "अगं वेडे, मी तुझ्यासाठी उघडत होतो. तू दुपारभर स्वयंपाकघरात कान लावून उभी असतेस, मला दिसत नाही? म्हटलं, हिला तेवढं तरी सुख असू दे, तो आहे असं वाटू दे... पोरी, तो नाही राहिला गं. मला केव्हाच ठाऊक आहे."

चिमणी रडायची थांबली.

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"हॉर्ननं सांगितलं. माझा पोरगा हॉर्न वाजवायचा तो मला शिवी हासडल्यासारखा. पार इथून कोपऱ्यापर्यंत! आणि मग एक दिवस तोच हॉर्न वाजला तो पाया पडल्यासारखा. हळूच. तो माझ्या पाया पडणार नव्हता गं, मेला असता तरी... तेव्हाच मी ओळखलं." त्यांनी उंबऱ्याकडे हात केला. "रस्त्यावरच राहा म्हणालो होतो मी. या तोंडानं! आणि तो राहिला."

"बाबा!" तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि इतके दिवस कोंडलेला हुंदका बाहेर पडला. ती दोघं एकमेकांपासून एकच दुःख लपवत होती, एकाच छपराखाली, एकाच खिडकीपाशी.

"दादा... गेला?" धाकट्यानं विचारलं. धाकटी पुढे आली. तिनं चिमणीला थोरलीच्या हातांत दिलं आणि स्वतः तिच्या पायांशी डोकं टेकलं. "ताई, माझी जीभ झडो!"

"असं बोलू नये. लेकराची आई आहेस तू," थोरली म्हणाली, आणि तिनं तिला जवळ ओढलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी धाकटा पंपावर जाऊन जोडीदाराला वर घेऊन आला. तो संकोचून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, तेव्हा सासरे भिंत धरत स्वतः दारापर्यंत गेले आणि हाताला धरून त्याला आत आणलं. थोरलीनं त्याला जेवायला वाढलं. मग म्हाताऱ्यानं विचारलं, "माझ्याविषयी काही बोलायचा का?"

जोडीदार ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, वळणावर त्याला रस्त्यावरून नजर काढता यायची नाही. म्हणून दर वेळी मला विचारायचा, 'बघ रे, म्हातारा खिडकीत आहे का?' मी 'आहे' म्हटलं की मगच हॉर्न दाबायचा. एकदा तुम्ही दिसला नाहीत, तर पुढे मुक्कामापर्यंत चकार शब्द बोलला नाही. जेवलापण नाही."

सासऱ्यांनी जोडीदाराच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

त्यानंतर बैठकीतली खिडकी बंदच राहिली. जोडीदार दर बाजाराच्या दिवशी वर येऊन जेवून जाई, आणि चिमणी थोरलीच्या कुशीत झोपे.

थोरला गेला तो चिमणीच्या जन्माच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्याच्या अखेरीस. सासरे गेले ते खिडक्या बदलल्या त्यानंतरच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, सुनेच्या हातचा चहा पिऊन झाल्यावर.