पाचव्या बाईचे हातमोजे

ही गोष्ट रचलेली नाही. कामशातने मला ती सांगितली तेव्हा तिच्या हातांना क्लोरीनचा वास येत होता, आणि सांगता सांगता ती तीनदा हात धुवायला उठली.

जागा: सारीझिंगिल. सीर नदीकाठचं मेंढपाळांचं गाव.

दिवस: नऊ जून. दुपारचे तीन.

हो, दुपार. लख्ख ऊन होतं. अंधाराला दोष देता आला असता तर बरं झालं असतं.

आमच्या दवाखान्यात दोन खोल्या आणि एक नर्स, कामशात. डॉक्टर जिल्ह्याला. त्या दिवशी दामेश आपा गेल्या. मेंढ्यांची लोकर कातरताना गोचीड सापडली की त्या ती नखाने चिरडायच्या. पाच दिवस ताप. मग नाकातून रक्त, हिरड्यांतून रक्त. कामशातने हा ताप पूर्वी पाहिला होता. तो रक्तातून पसरतो.

मेलेल्या माणसाच्याही.

तिने जिल्ह्याला फोन लावला.

"रक्ताचा अहवाल आला का?"

"नाही."

"मग पथक पाठवा. बाई गेलीय. लोक तिला आंघोळ घालणार."

"घालू देऊ नका."

"मी एकटी आहे हो इथे!"

"अहवालाशिवाय पथक निघत नाही."

"आणि अहवाल कधी निघतो?"

"ते पथकाला विचारा."

फोन ठेवून ती दामेश आपांच्या अंगणात आली. तिथे पांढरा युर्त, लोकरीचा गोल तंबू, उभारून झाला होता. आत पडद्यामागे दामेश आपा. दाराशी चार बायका बाह्या सरसावून उभ्या. घरच्यांनी आंघोळीसाठी निवडलेल्या. त्यांत कामशातची थोरली बहीण उलमेकेन.

आई गेल्यावर कामशातला वाढवलं ते या उलमेकेनने.

"अपके," कामशात बहिणीला म्हणाली, "निदान हे घाला." तिने रबरी हातमोज्यांच्या जोड्या पुढे केल्या.

"आमचे आहेत." उलमेकेनने कफनाच्या कापडातून शिवलेले पांढरे मोजे दाखवले. आंघोळ घालताना आमच्याकडे तेच हातात घालतात.

"कापड भिजतं. भिजलं की आरपार जातं."

"दामेशच्या हातचा चहा मी तीस वर्षं प्याले. आता तिला रबराने हात लावू? ती काय अडलेली गाय आहे?"

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. प्रेतापासून दहा पावलांवर.

"बाल्झिया आपांनी नव्वद जणींना याच कापडाने..." एक जण म्हणू लागली.

"आणि नव्वदावीनंतर नवव्या दिवशी त्या स्वतः गेल्या!" कामशात ओरडली. "याच तापाने! विसरलात?"

हसणं थांबलं.

आंघोळीला पाच जणी लागतात. पाचवी डोक्याशी बसते आणि बाकीच्यांना सांगते. आमच्या गावात ती जागा बाल्झिया आपांची होती. दोन वर्षांपूर्वी कामशातने त्यांना हेच रबरी मोजे दिले होते. त्यांनी ते कोंबड्यांपुढे टाकले होते.

तेव्हापासून ती जागा रिकामी होती.

"दे बाई," उलमेकेनने जोड्या हिसकावल्या. "घालतो. जा आता."

दारावरचा नमद्याचा जाड पडदा खाली पडला. निवडलेली नसेल तिने आत जायचं नसतं. कामशात बाहेरच बसली. तिच्या पत्र्याच्या पेटीवर. पेटीत संरक्षक गाऊन, मुखपट्टी, चष्मा. सगळं एकेकच. धुऊन पुन्हा वापरायचं.

आतून पाण्याचा आवाज आला.

मग... बोलणं बंद झालं.

या चार बायका गप्प? उलमेकेन झोपेतसुद्धा भांडते.

फक्त पाणी. सावकाश. एका लयीत.

आणि मधेच... "च्च."

जिभेचा आवाज. कुणी पाणी घाईने ओतलं की करतात तसा.

हा आवाज कुठे ऐकलाय... कामशातला आठवेना. की आठवायचं नव्हतं.

पाऊण तासाने चौघी बाहेर आल्या. उलमेकेनने रबरी मोजे तिच्या अंगावर फेकले.

कोरडे. घडी न मोडलेले.

"घातले नाहीत!" कामशातच्या डोळ्यांत पाणी आलं. संतापाने. "अपके, तू मरशील ना गं! कळतंय का?"

"हात लावू दिलास तर मरेन ना!" उलमेकेन तिच्याहून मोठ्याने ओरडली. "झालं समाधान? स्वतःच सगळं केलंस, आम्हाला कोपराने भिंतीला ढकललंस. चार शब्द बोलले तर उत्तर नाही. आत यायला तुला निवडलं कुणी होतं?"

"...मी?"

"नाही, मी! पांढरा झगा, तोंडावर फडकं, डोळ्यांना ती काच. गावात असली सोंगं दुसरं कोण करतं?"

"अपके, मी इथे बसलेय. केव्हापासून."

"पण एक मानलं," दुसरी म्हणाली. "रबरी मोजे घालून वर आपले कापडी चढवलेस. दामेशला लागलं ते कापडच. हे आधी सुचलं असतं तर एवढी भांडणं झाली नसती."

 दहा वर्षं कामशात या बायकांशी भांडत होती. रबरी की कापडी. हे की ते.

एकावर एक घालता येतात, हे तिला कधीच सुचलं नव्हतं.

ती उठली. पेटी उघडली.

गाऊन ओला होता. ठिबकत होता.

*

कामशातच्या वहीतून, तिच्या परवानगीने:

दिवस १. उलमेकेन ३६.६. म्हणाली, थर्मामीटर तुझ्या नवऱ्याला लाव.

दिवस ३. अहवाल आला. तोच ताप. पथकही आलं, फवारून गेलं. मला विचारलं, आंघोळ का घालू दिलीत?

दिवस ८. उलमेकेन ३७.४.

(पुढची सहा ओळींची जागा कोरी.)

दिवस ९. ३६.७. काल उन्हात माती कालवत होती म्हणे. सांगायचं नाही का आधी?

दिवस १४. चौघी ठणठणीत.

*

आता तुम्हाला वाटेल, गाव शहाणं झालं.

छे.

गावाने एवढंच घेतलं की बाल्झिया आपा येतात. ते 'च्च' त्यांचंच होतं म्हणे.

एकवीस जुलैला मेंढपाळाची बायको कुलियाश गेली. नाकातून रक्त. फोन तोच, उत्तर तेच. अंगणात युर्त, दाराशी त्याच चौघी.

कामशातने मोजे पुढे केले. रबरी, आणि वर चढवायला कापडी. स्वतः शिवलेले.

"कशाला?" उलमेकेन हसली. "ती येईल की."

"कोण येईल?"

"उगाच नाव कशाला घ्यायला लावतेस. तू बाहेर बस. तुझी पेटी घट्ट लाव हवं तर, तिला काही अडत नाही."

"अपके, पाया पडते."

"मग वाक नीट."

बायका हसल्या. आत गेल्या. उघड्या हातांनी.

कामशात पेटीवर बसली.   कुणाला तरी धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं तिला, आणि हलवण्यासारखं समोर कुणी नव्हतं.

तिने कान लावला.

पाणी नाही.

दहा मिनिटं. पंधरा.

पाणी... नाही.

मग आतून उलमेकेनचा आवाज. "येत नाही वाटतं. किती वेळ ठेवायचं हिला असं? चला गं, आपणच..."

कामशातने पेटी उघडली. गाऊन कोरडा होता.

तिने तो चढवला. मुखपट्टी. चष्मा. रबरी मोजे. वर कापडी.

निवडलेली नसेल तिने आत जायचं नसतं.

तिने नमदा उचलला.

चौघी प्रेताकडे वाकल्या होत्या. उलमेकेनचा हात कुलियाशच्या गालापासून वीतभर. कामशातने तिला कोपराने बाजूला ढकललं. चौघी मुकाट्याने मागे सरकल्या आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आल्या," कुणीतरी पुटपुटलं.

कामशात बोलली नाही. बोलली असती तर आवाज ओळखला असता. ती डोक्याशी बसली. तिने दोन्ही हात पुढे केले.

पाणी पडलं. कोमट. बेताची धार.

तिने चेहरा धुतला. कान. मान. प्रत्येक वेळी हात पुढे केला की पाणी हजर. किती छान ओततेय अपके, तिला वाटलं. शेवटी ऐकलं हिने एकदाचं.

तिची मान सहज वर झाली.

भिंतीशी उलमेकेन होती.

तिच्या शेजारी दुसरी. तिसरी. चौथी.

चौघींचे हात रिकामे. चौघींचे डोळे कामशातवर नाहीत... तिच्या खांद्यामागे.

धार चालूच होती.

कामशातचा हात घाईने हलला. पाणी सांडलं.

"च्च."

अगदी कानाशी.

तिने मागे वळून पाहिलं नाही. आंघोळ पुरी केली. पाय धुऊन होईपर्यंत पाणी कमी पडलं नाही.

*

उलमेकेन आता मोजे घालते. दोन्ही. का, ते विचारलं तर शिव्या देते. त्या दिवसाबद्दल चौघींपैकी एकही बोलत नाही.

कामशातने जिल्ह्याकडे आणखी एक गाऊन मागितला. सहा महिन्यांनी आला. तेव्हापासून पेटीत दोन असतात. एक ती घालते. आंघोळीनंतर दोन्ही ओले असतात.

मागच्या आठवड्यात जिल्ह्याचं पत्र आलं. तिने मला ते दाखवलं. एकच ओळ होती.

"आपल्या दवाखान्यात कर्मचारी एक असताना वापर दोन गाऊनचा कसा, याचा खुलासा करावा."

कागद अजून टेबलावर पडून आहे. ती रोज लिहायला बसते.

आणि हात धुवायला उठते.