आत कोण आहे?

मामा पेशाने सुतार. ठोकून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही, मग ती फळी असो की माणूस. सहा वर्षांच्या भाचीच्या डोक्यावरही तो बोटाच्या पेराने टकटक करायचा. "आत कोण आहे?" विचारायचा, आणि ती खिदळायची, "मीच! अजून कोण?"

बहीण दोन दिवस परगावी गेली होती. पोरीला डोळ्यांत तेल घालून सांभाळ, असं चारदा बजावून गेली होती. पोरगी घरात कंटाळली, म्हणून मामा तिला समुद्रकाठच्या जलचर केंद्रात घेऊन आला. भरदुपार, पोराबाळांची गर्दी, ओल्या फरशीचा खारट वास. भ्यावं असं काही नव्हतं.

शेवटच्या दालनात मात्र दोघंच. उथळ हौदात शंखच शंख, आणि पलीकडे खुर्चीवर माहिती सांगणारी बाई. ती पापणी न लवता पोरीकडेच बघत होती. मामाला ते खटकलं. शंखातल्या खेकड्याला स्वतःचं घर नसतं, ती हळू आवाजात सांगू लागली. दुसऱ्याचा शंख आवडला की तो त्यावर ठोकत राहतो. आतला जेरीस येऊन बाहेर पडला, की हा शिरतो.

"आणि आतला कुठे जातो?" मामाने विचारलं.

"ठोकणाऱ्याचा जुना शंख रिकामा असतोच की..."

तेवढ्यात पोरीने एक शंख उचलून कानाला लावला. "मामा, कुणीतरी ठोकतंय..."

मामाने तो हिसकावून हौदात टाकला आणि पोरीला ओढत बाहेर आणलं. तिचा हात गार पडला होता. पाण्यात घातला होता, गार लागणारच, अशी त्याने मनाची समजूत घातली.

एरवी पोरीची टकळी थांबायची नाही. बसथांब्यावर ती गप्प. मामाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने तिच्या डोक्यावर टकटक केली.

"आत कोण आहे?"

ती हसली नाही. जरा विचार करून म्हणाली, "आता... मी."

बहिणीला काय तोंड दाखवायचं? पोरीला उचलून तो धावत परत आला. दालनात बाई नव्हती. त्याने हौदातला एक शंख उचलला, पेराने ठोकला. "आत कोण आहे?"

"मीच..." आतून बारीक आवाज आला.

मामाला रडूच फुटलं. त्याने शंख छातीशी धरला.

मग हौदातला दुसरा शंख म्हणाला, "मीच..." मग तिसरा. मग सगळेच.