तडा असावा

इसवी सन २०७९, फेब्रुवारीची अकरावी तारीख, सकाळचे दहा. स्थळ: रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर पश्चिमेला, दोनशे मीटर पाण्याखाली, समुद्रतळावर उभारलेली ‘वरुणी’ ही संशोधनवसाहत.

रेवती घैसास ही या वसाहतीची धातुतज्ज्ञ. घुमटाच्या चौथ्या जोडात तडा पडला आहे हे तिने तीनदा मोजले होते आणि दोनदा किनाऱ्यावरच्या नियामक मंडळाला कळवले होते. दोन्ही अहवाल एकाच शेऱ्यासह परत आले: ‘निश्चित काय ते कळवावे.’ शेरा मारणाऱ्याला तरी दोष कसा द्यावा? पहिल्या अहवालात ‘तडा असावा’ असे होते आणि दुसऱ्यात ‘तडा असण्याची शक्यता नाकारता येत नाही’. एकदा रिकामी केलेली वसाहत पुन्हा वसवायला दोन वर्षे लागतात. एका ‘असावा’वर तसा हुकूम कोण देईल? पण त्या घुमटाखाली एकेचाळीस माणसे राहत होती.

आज मंडळ तिचे म्हणणे तोंडी ऐकणार होते. वाक्‌शास्त्रज्ञ अच्युत वाळिंबे तिच्या कपाळाला मज्जापट्टी बांधत होते. ‘जमल्यास यावे, न जमल्यासही हरकत नाही’ एवढ्या तिच्या पत्रावर हा सत्तरीचा माणूस दुखरा गुडघा घेऊन पाणबुडीतून तीन तासांचा प्रवास करून इथे उतरला होता. त्या उपकाराने रेवती सकाळपासून संकोचली होती.

“तीन वेळा मोजलंस ना? मग ‘आहे’ म्हणायला काय होतं?”

“आमच्याकडे ठाम बोलणाऱ्या मुलीला आगाऊ म्हणायचे, सर.”

“धातुतज्ज्ञ म्हणवतेस आणि ‘अस’ हा एवढासा धातू तुला पेलत नाही?”

रेवतीला हसू आले. “पण ही पट्टी म्हणजे उसना आत्मविश्वासच की.”

“साफ चूक! नीट ऐक. आपण कोणतंही विधान करतो तेव्हा मेंदूत त्याबद्दलच्या खात्रीचा एक विद्युत्संकेत उमटतो. ही पट्टी तो मोजते. तुझा आवाज वर जाण्यापूर्वी क्षणभर अडवला जातो. तेवढ्यात यंत्र शब्द तपासतं आणि खात्रीशी जुळणारा शब्द तुझ्याच आवाजात पुढे पाठवतं. लोकांनी त्याला ‘दृढवाणी’ म्हणून डोक्यावर घेतलंय. मी ठेवलेलं नाव ‘वाणीमेळ’. नाव चुकलं की समजूतही चुकते. पण ऐकतो कोण!”

पडद्यावर मंडळ दिसू लागले. मध्यभागी अध्यक्ष विजया शिरोडकर आणि त्यांच्या उजवीकडे वसाहतीचा खर्च मंजूर करणारे खानविलकर.

“बाई, यंत्र लावून बोलताय म्हणे,” खानविलकरांनी सुरुवात केली. “मग मान कुणाला द्यायचा, तुम्हाला की यंत्राला?”

“यंत्र लावणार, हे मी मंडळाला कळवलं होतं,” रेवती म्हणाली. “चौथ्या जोडात तडा असावा...”

कानातल्या ध्वनिकेत तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला: “चौथ्या जोडात तडा आहे.”

‘सुमारे अकरा मिलिमीटर खोल असेल’चे ‘अकरा मिलिमीटर खोल आहे’ झाले; ‘वाढत असल्यासारखा वाटतो’चे ‘वाढतो आहे’ झाले. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. सारी तिचीच होती. फक्त आजवर ती तिच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

शिरोडकर पुढे झुकल्या. “घुमट किती दिवस टिकेल?”

एकेचाळीस चेहरे रेवतीच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आता कच खायची नाही. ती जोरात म्हणाली, “आठवडाभरसुद्धा टिकणार नाही!”

ध्वनिकेत तिचा आवाज शांतपणे उमटला: “किती दिवस टिकेल, मला माहीत नाही.”

तिने चमकून वाळिंब्यांकडे पाहिले. त्यांनी पुटपुटत एकच शब्द उच्चारला: “मेळ.”

“घ्या!” खानविलकर म्हणाले. “बाईंनाच माहीत नाही!”

“थांबा,” शिरोडकर म्हणाल्या. “घैसासबाई, तुमचे ओठ काही वेगळंच बोलत होते. तुम्ही मुळात काय बोललात?”

खोटे बोलणे आता शक्यच नव्हते. “मी ‘टिकणार नाही’ म्हणाले. तुम्ही ऐकावं म्हणून. खरं तर मला माहीत नाही.” ही वाक्ये एका अक्षराचाही बदल न होता वर गेली.

“खानविलकर, ठामपणा उसना देणारं यंत्र असतं, तर आपल्याला ‘टिकणार नाही’ असंच ऐकू आलं असतं,” शिरोडकर म्हणाल्या. “बाईंना जे ठाऊक नाही ते ज्यानं झाकू दिलं नाही, त्यानं कळवलेलं ‘आहे’ मी का नाकारू?”

रेवतीने वाळिंब्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “सर, मी सगळं घालवलं होतं. तुम्ही मला खोटं बोलू दिलं नाहीत. हे कसं फेडू?”

“गुडघा सांभाळून वर ने, म्हणजे झालं.”

पडद्यावर शिरोडकरांनी कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता वाचून दाखवले:

“तडा आहे. घुमट किती दिवस टिकेल, हे माहीत नाही. सबब वसाहत आजच रिकामी करावी.”