लावण्याच्या घरचं हरवणारं फोल्डर

सारंगपाणी देवाची शप्पथ, ह्यातला शब्द न् शब्द खरा! खोटं निघालं तर उद्यापासून माझी कापी – तुमची कॉफी हो – पांचट होवो.

आमच्या समोरचे सुंदरराव स्वामीमलै गावात घडणाऱ्या पंचधातूच्या मूर्तींचे फोटो काढतात. सगळे फोटो घरातल्या एका काळ्या पेटीत. सर्व्हर म्हणतात तिला. हॉलमधला कंप्यूटर असो की त्यांच्या लेकीचा, लावण्याचा लॅपटॉप, त्यातलं फोल्डर सगळीकडे उघडायचं. गेल्या सरस्वतीपूजेला सुंदररावांनी पेटी बंद करून पूजेत मांडली. चंदन असं थापलं, की रस्त्यावरची गाय आत येऊन नमस्कार करून गेली! दुसऱ्या दिवशी पेटी परत लावली, तर फोल्डर गायब.

दुरुस्तीला आला शेजारच्या इन्नंबूर गावचा विजयेंद्र. दार लावण्यानं उघडलं.

"अप्पा, रिपेरीवाला आलाय," ती मराठीत ओरडली. इथल्या तमिळ माणसाला मराठी काय कळणार! "केस बघा... कावळ्याचं घरटं!"

"हेल्मेटमुळे," तो मराठीतच म्हणाला. "एरवी बरा दिसतो."

लावण्याचे कान मिरचीसारखे लाल.

तो खाली बसला, खटखट केली. "फोटो सुखरूप आहेत हो. पेटी बंद होऊन परत लागली, राउटरनं तिला नवा नंबर दिला. तुमचे कंप्यूटर अजून जुन्याच नंबरावर हाका मारतायत."

"मग नवा द्या की त्यांना."

"त्यांना देतो. तुम्हाला... माझा देऊ?"

"कापी थंड होतेय," ती म्हणाली. पण नंबर घेतला हो!

आता ऐका. पेटीला एकच नंबर कायमचा बांधून देता येतो. दोन मिनिटांचं काम. विजयेंद्रनं ते केलं नाही... मुद्दामच. करंट गेला की फोल्डर हरवायचं, की हा हजर. आणि करंट जाईना, तेव्हा? तेव्हा लावण्या हळूच पेटीचा आणि राउटरचा प्लग ओढायची.

"परत हरवलं हो," ती साळसूद तोंड करून म्हणायची.

"ह्या घरात येऊन काय हरवत नाही?" तो स्क्रीनकडे बघत म्हणायचा. चेहरा मात्र पडद्यात दिसायचा – हसरा.

मग आली ती दुपार. मोठं गिऱ्हाईक हॉलमध्ये बसलं होतं, नटराजाचे फोटो बघायला. त्याच सकाळी लावण्यानं प्लग ओढला होता. गिऱ्हाइकाचं येणं तिला ठाऊक नव्हतं. फोल्डर उघडेना. विजयेंद्र धावत आला, पण तोवर गिऱ्हाईक चप्पल घालून गेलं होतं.

सुंदरराव मटकन बसले. "दरवेळी कसं हरवतं रे? कायमचं नीट होत नाही?"

विजयेंद्र म्हणाला, "होतं, मामा. पहिल्याच दिवशी झालं असतं."

"मग?"

त्यानं लावण्याकडे बघितलं. आजचा प्लग कुणी ओढला, हे त्याला कळलं होतं. गल्लीत करंट कुठं गेला होता? ती एक शब्द बोलली असती... 'अप्पा, मीसुद्धा' एवढंच. पण वायरीचं टोक बोटाला गुंडाळत ती खाली बघत राहिली.

"चूक माझी," तो म्हणाला.

"माझ्या घरी यायला तुला माझं नुकसान करावं लागलं?" सुंदररावांचा आवाज फाटला. "सरळ येऊन विचारलं असतंस, तर कापी देऊन बस म्हटलं असतं रे मी!"

लावण्याला ते भाल्यासारखं लागलं.

त्यानं ती दोन मिनिटं बसून नंबर बांधला. दारात तिच्याजवळ थांबला, हळूच म्हणाला, "आता नाही हरवायचं. कितीदाही प्लग काढा."

गल्लीच्या टोकाला त्यानं वळून बघितलं, हसला, आणि गेला. नंतर तिचे फोन त्यानं उचलले नाहीत. आता त्या घरात फोल्डर एका टिचकीत उघडतं. लावण्या उघडते, बंद करते, परत उघडते.

बरं... शप्पथ घेतलीय, तर सांगून टाकते. तो टोकाला वळून हसला, तेवढं मी घातलं. वळला नाही तो. पण लावण्या तोवर आत गेली होती, तिलाही मी तसंच सांगितलंय, माझ्या माडीवरून दिसलं म्हणून. तिला सांगू नका.